थोरल्याची तब्येत आणि डझनभर कालवं

३ एप्रिल, दुपार

वही नातीने दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस त्यातलं अर्धं हिच्यात लिही, म्हणजे आम्हाला अर्धंच ऐकावं लागेल. गोड मुलगी आहे, माझ्यावर गेली आहे. मी तिसरीतून शाळा सोडली, पण अक्षर बघा कसं टपोरं. बघा म्हणते आहे, पण कोणाला? ही वही कोणी वाचायची नाही. गादीखाली राहील.

आनंदाची गोष्ट म्हणजे थोरला मुलगा उद्या हॉस्पिटलमधून घरी येतो आहे. लिव्हर कडक झालंय म्हणे. दारू नाही, बिडी नाही, जुन्या काविळीने आतल्या आत खाल्लं त्याला. दहा किलो उतरला. डॉक्टरांचं चालू दे, खरं औषध मला ठाऊक आहे. रोज डझनभर कालवं. ताजी, शिंपल्यातून काढलेली, कच्ची, वर लिंबू. पंधरा दिवसांत गाल वर नाही आले तर नाव बदलेन.

सुनेला सांगायचं नाही. ती नर्स आहे. नर्सला सगळं उकळायची सवय असते.

४ एप्रिल

आला. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर. मी हसले, म्हटलं, वा, कमरेचा घेर बापासारखा झाला तुझा. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सुनेने फ्रिजवर एक कागद चिकटवला. काय खायचं, काय नाही. सगळ्यात वर, लाल पेनने, खाली दोन रेघा मारून: कच्ची कालवं, कच्चे शिंपले, अर्धवट शिजलेले खेकडे बंद. म्हणाली, आई, हे मुख्यतः तुमच्यासाठी लिहिलंय. मी म्हटलं, मला कुठे एवढं बारीक वाचता येतं. ती म्हणाली, म्हणूनच मोठ्या अक्षरात लिहिलंय.

असे कागद ते सगळ्यांना छापून देतात. मनावर घ्यायचं नसतं.

तीन वाजता हे आले. जाऊन अकरा वर्षं झाली, पण अधूनमधून दुपारी येतात. खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. बोलत नाहीत. तसे जिवंतपणीही कुठे बोलायचे. डाव्या पायावर टॉवेल पांघरून बसतात, एवढं एक मला खटकतं. बाकी सोबत होते. आज मुलगा आला म्हणून आले असतील. मी खूश.

६ एप्रिल

कामावर गेले. एकतीस वर्षं कालवांच्या शेडमध्ये काढली. पोती येतात, आम्ही सहा जणी ओळीने बसतो, शिंपल्याच्या फटीत आखूड सुरी घालायची, मनगट वळवायचं, उघडलं. ते कोणीही करेल. पोतं पास करायचं काम मात्र माझं एकटीचं. प्रत्येक पोत्यातलं पहिलं कालव मी कच्चं खाते. गोड लागलं की मुकादम पोत्यावर खडूने खूण करतो, माल हॉटेलला जातो. तुरट लागलं की पोतं परत. शेजारी बसणारी, तिला सगळे फटाकडी म्हणतात, ती म्हणते, म्हातारे, तुझ्या जिभेचा विमा उतरव. जळते.

येताना डझन टिफिनमध्ये घातली, खाली बर्फ. घरी येऊन बघते तर सुनेची ड्यूटी बदललेली, ती दारातच उभी. टिफिनमध्ये काय, म्हणाली. मी म्हटलं, माझी भाजी. मग भाजी म्हणून मलाच खावी लागली, तिच्या समोर, झाकण अर्धं लावून. बाराच्या बारा.

वाया कसं घालवायचं.

७ एप्रिल

आज पोट जरा ढिलं. उकाड्याने.

९ एप्रिल

पोट ढिलंच. चार वेळा. सून म्हणाली, काय खाल्लंत. मी म्हटलं, वय खाल्लं. तिने साखर-मिठाचं पाणी करून दिलं आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिली. 

हे आज खुर्चीत नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अंगाला शेडचा वास. मला वाटतं, कालवांची आठवण झाली त्यांना. खूप आवडायची.

११ एप्रिल

थोरल्याबरोबर दवाखान्यात गेले. सुनेला सुट्टी मिळाली नाही. मला तर आनंदच, डॉक्टरला चार गोष्टी सांगता येतील.

डॉक्टर अगदी कोवळा. मिशी नुकतीच राखायला लागलेला. त्याला म्हटलं, एक साधा प्रश्न आहे, माझ्या ओळखीच्या एका बाईचा. तो म्हणाला, विचारा. कच्च्या कालवांनी ताकद येते ना. तो पेन खाली ठेवून म्हणाला, त्या बाईला सांगा की उन्हाळ्यात समुद्राच्या कोमट पाण्यात एक जंतू वाढतो. तो कालवात जाऊन बसतो. धडधाकट माणसाचं पोट बिघडतं, चार दिवसांत बरं होतं. लिव्हर खराब असेल तर जंतू थेट रक्तात जातो. मग दोन दिवसांत खेळ आटोपतो, निम्मे वाचत नाहीत.

मी म्हटलं, लिंबू पिळलं तर? त्याने जंतू मरत नाही. तिखट टाकलं तर? तोंड भाजेल, जंतू भाजणार नाही. दारूत बुडवलं तर? तो म्हणाला, आजी, तो जंतू तुमच्यापेक्षा मजेत राहील. फक्त नीट शिजवायचं, दुसरा उपाय नाही. माझा थोरला हसायला लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला. मग मीही हसले.

शेवटी म्हटलं, पण चाखल्यावर कळतंच की. तो म्हणाला, नाही कळत. वास नाही, रंग नाही, चव नाही. जिभेला काहीच कळत नाही.

असं कसं. एकतीस वर्षं.

निघताना त्याने आणखी भर घातली. कच्चा खेकडा खाल्ला तर कृमी पोटातून निघून फुप्फुसात घर करतात, माणूस वर्षानुवर्षं खोकत राहतो. खेकडा मी एकदाच कच्चा चाखलाय, लग्नाआधी, पैजेवर. बसमध्ये तीनदा खोकले. थोरला म्हणाला, आई, धूर आहे. मी म्हटलं, हो, धूरच.

अजून एक म्हणाला होता डॉक्टर. की अशा माणसाच्या पायावर जांभळे फोड येतात.

हे कशाला लिहिलं. खोडते.

१२ एप्रिल

खोडलं तरी दिसतंय.

डॉक्टर फार लहान आहे. अनुभव नाही. हे गेले ते हृदय बंद पडून गेले. सर्टिफिकेट कपाटात आहे, त्याच्यावर तसं छापलंय. फटाकडीला आज म्हटलं, आमचे हे हार्टने गेले, माहीत आहे ना. ती सुरी न थांबवता म्हणाली, हार्ट तर सगळ्यांचंच बंद पडतं बाई, विचार आधी काय झालं होतं. तिला बोलायचा पाचपोच नाही.

आधी काय झालं होतं, तर डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी भरलं होतं. मी सेवा केली. कोणी केली नसेल अशी केली. मग ताप आला. पायाला किडा चावला असणार. सगळे तेव्हा तसंच म्हणाले. मी म्हणाले, मग सगळे म्हणाले.

दुपारी हे फ्रिजजवळ उभे होते. कागद वाचत होते. यांना वाचता येत नव्हतं.

१४ एप्रिल

शेडमध्ये आज अकरा पोती. अकराच्या अकरा गोड लागली. असं कधी होत नाही. मुकादम म्हणाला, वा आजी, आज चांदी. मी म्हटलं, थांब, एक परत कर. तो म्हणाला, कुठलं. मी एका पोत्याकडे बोट दाखवलं. कुठल्या, ते मला ठाऊक नव्हतं.

त्या पोत्याचं पहिलं कालव गिळताना ते आत उतरलं आणि हललं, असं वाटलं. वाटलं फक्त. आणि एक, मी कालच ठरवलं होतं की चाखायचं पण गिळायचं नाही. पण ते घसरतंच.

संकल्प नवा: थोरल्याला डझन नको, सहाच द्यायची. कमी प्रमाणात सगळं पचतं. आणि लिंबू दुप्पट.

१५ एप्रिल

सहा आणली. थोरला झोपला होता. हे त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. इतके दिवस खुर्ची, मग दार, मग फ्रिज, आता पलंग. मी म्हटलं, तुम्हाला पाहिजेत का. एका बशीत एक ठेवलं. घेतलं नाही. टॉवेल पायावरून खाली लोंबत होता, त्याच्या टोकातून फरशीवर पाणी टपकत होतं. फरशी नंतर पुसली. कोरडी होती.

सहाही मोरीत ओतली. आज मूड नव्हता त्याचा.

१६ एप्रिल

सुट्टी घेतली. डोकं जड. सून म्हणाली, आई, तुम्ही रात्री धड जेवत नाही, काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, उकाडा. ती म्हणाली, एप्रिलमध्ये उकाडाच असतो, तुम्ही दरवर्षी जेवता. माझ्या हाताला हात लावून बघितला. तिचे हात नेहमी थंड असतात. पहिल्यांदा बरे वाटले.

सांगावं का तिला, असं वाटलं. काय सांगणार पण. सांगण्यासारखं काही नाहीच.

१७ एप्रिल, सकाळ

गंमत झाली. मी इतके दिवस चोरून द्यायच्या खटपटीत आणि आज थोरल्यानेच मागितली. सून ड्यूटीवर, नात शाळेत. म्हणाला, आई, तोंडाला चव नाही. बाबा आजारी असताना तू त्यांना कालवं द्यायचीस ना, तशी दे. मी दारातून बघायचो, मला एकही मिळायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर? तो म्हणाला, डॉक्टर काय आपल्या घरी जेवायला आहे. एकदाच. तुझ्या हातची.

माझ्या हातची म्हणाला. किती वर्षांनी. मला इतका आनंद झाला की चप्पल उलटी घालून शेडमध्ये गेले. सगळ्यात चांगल्या पोत्यातली डझनभर निवडली. चाखली. गोड.

दुपारी पावणेतीन

ताटलीत मांडली. लिंबू कापलं. थोरला उशीला टेकून उठून बसला, टॉवेल मानेला बांधून, लहान असताना बसायचा तसा.

तीन वाजून दहा

हे ताटलीच्या आणि थोरल्याच्या मध्ये उभे आहेत. मी म्हटलं, बाजूला व्हा. होत नाहीत. आज पायावर टॉवेल नाही.

पाय बघितला. लिहिणार नाही. किड्याने असं होत नाही. एवढंच.

थोरला म्हणतोय, आई, का थांबलीस.

चार वाजता

उकडली. डझनच्या डझन. डॉक्टर नीट शिजवा म्हणाला होता, नीट म्हणजे किती ते विचारायचं राहिलं, म्हणून भांडं अर्धा तास गॅसवर ठेवलं. पाणी आटलं, आणखी घातलं. कालवं इवलीशी झाली, बटणासारखी. थोरल्याने एक तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं, मग म्हणाला, आई, ही कालवं आहेत की चपलेचा तळ. मी म्हटलं, गप खा, ताकद आहे त्याच्यात. तो म्हणाला, ताकद आहे खरी, दात हलले.

तीन खाल्ली बिचाऱ्याने. मी त्याच्या पलंगाच्या काठावर बसून राहिले, मगाशी जे तिथे उभे होते त्यांच्या जागेवर. सून आली तेव्हा तिने भांडं बघितलं, लिंबू बघितलं, मला बघितलं. मग चहा टाकला. दोन कप टाकला.

१८ एप्रिल, शुक्रवार

ताप नाही. थोरल्याला सकाळी दोनदा, दुपारी दोनदा थर्मामीटर लावला. तो म्हणाला, आई, मी कालव खाल्लंय, बॉम्ब नाही. पाय बघू म्हटलं तर पायही दाखवले. पांढरे, सडपातळ, स्वच्छ.

आज कालवं सुनेने केली. शिंपली उघडल्यावर आणखी पाच मिनिटं, घड्याळ लावून. मऊ झाली. मला अर्धा तास लागला होता ते ऐकून नात खाली बसून हसली. हसू दे.

मुकादमाला निरोप पाठवला, चाखायचं काम दुसऱ्या कोणाला तरी दे. त्याचा निरोप आला, दुसरं कोणी कशाला, माल तपासायला बाहेर पाठवणार आहोत, गेल्या आठवड्यात दोन हॉटेलांतून तक्रारी आल्यात. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं.

जेवताना थोरला म्हणाला, आई, बाबांना पण तू अशीच उकडून द्यायचीस ना? सहज म्हणाला. तोंडात घास होता. सून भात वाढत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, हो. पटकन म्हटलं. तो बरं म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

वहीशी खोटं कशाला. उकडून नाही. कच्ची दिली. पाच दिवस, रोज डझन, त्यांना नको असतानाही, नाक दाबून. सहाव्या दिवशी ताप आला.

थोरल्याला सांगायला पाहिजे. उद्या त्याची रक्ततपासणी आहे, उद्या नको. परवा सांगेन. परवा रविवार, तो घरी असतो.

तो रोजच घरी असतो म्हणा.