मोठ्या फाटकाचं घर

८ मार्च १९५९
आज गाडीची स्टेपनी गेली. परवा दोन चाकांची हवा सोडली होती, आज सरळ चोरीच. शिवाजीनगरच्या या कानडी बोळात माणसं राहतात की भुतं! वर घरमालक मलाच म्हणतो, "गाडी काढा अम्मा, नाहीतर खोली सोडा." सोडते. खड्ड्यात गेली तुझी खोली.
लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतली तेव्हा गाडी म्हणजे लष्करी ट्रकचा नुसता सांगाडा होता. आत झोपायच्या फळ्या, शिलाई मशीन, स्टो, कापडाच्या ट्रंका, सगळं यांनी हातानं बसवलं. जत्रेमागून जत्रा झबली-परकर विकत हिंडलो, तिच्यातच जेवलो, तिच्यातच झोपलो. लेकीला, कुसुमला, गोवर आला तोही गाडीतच. आता घर घ्यायचं तर गाडीसकट. नाहीतर नकोच.

२९ मार्च
यांच्या थोरल्या भावाबरोबर, अण्णांबरोबर, घर बघायला. दोघा भावांनी मिळून घ्यायचं, एका छपराखाली राहायचं, हे अण्णांनीच ठरवलंय. देवघर झकास. फाटक एवढंसं, गाय गेली तरी पोट घासेल. "गाडी?" विचारलं. अण्णा हसले. "गाडी आता विकायची. कुसुम लग्नाची झाली. गाडीत झोपणाऱ्यांची पोर कोण करून घेणार? डोंबारी म्हणतील लोक."
तळपायाची आग मस्तकात गेली. निम्मं घर माझ्या झबल्या-परकरांवर येणार, आणि आम्ही डोंबारी! म्हटलं, डोंबारी तरी स्वतः दोरीवर चढून खातात.
हे मान खाली घालून. घरी आल्यावर म्हणे, "स्वल्प थांब." लग्न झाल्यापासून थांबतेच आहे.

१७ मे
सापडलं! घर, शहराबाहेर येलहंक्याला. जुना मालक धान्याच्या बैलगाड्या ठेवायचा, म्हणून दक्षिणेला हे एवढं मोठं फाटक. माणसांचं दार वेगळं, पूर्वेला. यांनी दोरीनं मोजलं, गाडी आरामात जाते.
अण्णांचं तोंड वाकडं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. म्हटलं, यम आला तर त्यालाही गाडीत घालून घाटीच्या जत्रेला नेईन. हे हसले. अण्णा नाहीत हसले.

२ जून
अण्णांनी आपले जोईस, म्हणजे जोशीबुवा, आणले. दक्षिणेच्या फाटकाला उपाय आहे म्हणे, अंगणात तुळशीकट्टा बांधा. एवढंच? बांधा की, म्हटलं, दहा बांधा! घर पक्कं. संध्याकाळी शिरा केला.

१४ ऑगस्ट
गृहप्रवेश झाला.
पूर्वेच्या दारानं गाय आत नेली. दूध उतू घालवलं. होमाच्या धुरानं डोळे नुसते झोंबत होते. तेवढ्यात अण्णांची हाक, "सुभद्रे, ये गं. घरची सवाष्ण तू, तुळशीला पहिलं पाणी तुझं." केवढा मान! गेले. पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, पाया पडले. हॉर्न वाजला. हे शिवाजीनगरहून गाडी घेऊन आले होते. धावत जाऊन फाटक उघडलं, वळून बघते तर तुळस बरोब्बर गाडीच्या वाटेत, मधोमध. चिरेबंदी कट्टा. आम्ही तिकडे बांधाबांध करत होतो, इकडे अण्णांनी गवंडी लावला.
"हलवा!" मी ओरडले. जोईस शांतपणे म्हणाले, "पूजलेली तुळस हलवत नाहीत अम्मा. पाणी तर तुम्हीच घातलंत."
माझ्याच हातानं करून घेतलं. नीच माणूस. हो, लिहिते. नीच.

२० सप्टेंबर
गाडी रस्त्यावर, पावसात. टप गंजायला लागला. अण्णांनी गिऱ्हाईक ठरवलंय, दिवाळी झाली की येऊन घेऊन जाणार. हे म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. सरी! जत्रा बंद, मशीन बंद, मी काय भिंतीकडे बघत बसू? यांच्याशी बोलणं टाकलंय. भाकरी वाढते, पाणी देते, तोंड उघडत नाही.

४ ऑक्टोबर
परवा कुसुमला बघायला आले होते. मुलाच्या आईनं खिडकीतून विचारलं, ही गाडी कुणाची? अण्णा म्हणाले, "शेजाऱ्यांची."
माझ्या हातात उप्पिट्टाची बशी होती. फेकून मारणार होते. त्याआधी कुसुमच बोलली, "आमची आहे. मी तिच्यातच लिहायला शिकले." निरोप काही आलेला नाही. अण्णा म्हणतात पोरीनं वाटोळं केलं. मी दिवेलागणीला तिची दृष्ट काढली.

५ नोव्हेंबर
आवळ्याचं रोप आणलं. पूर्वेच्या दाराशी लावलं. हे विचारत होते, आवळा कशाला? बोलणं बंद आहे, म्हणून सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. इकडची रीत, तुळशीशेजारी आवळ्याची फांदी रोवायची, तोच विष्णू, तोच तिचा नवरा. यंदा फांदी माझ्या रोपाची. जोईसांनीच मंगलाष्टकं म्हटली, गल्लीतल्या बायका जमल्या, अक्षता पडल्या. चुरमुरे वाटता वाटता सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न शास्त्राप्रमाणे लागलं ना?"
"लागलं की अम्मा."
"मग लग्न झालेली मुलगी माहेरी ठेवायची का? नवऱ्याचं घर तिकडे, पूर्वेच्या दाराशी. उद्या सकाळी पाठवणी."
जोईसांचा आ वासलेला. अण्णा कडाडले, "या घरात मोठं कोण?" म्हटलं, "मोठे तुम्हीच. मग सांगा, कुसुमचं लग्न लागल्यावर तिलाही कट्ट्यात पुरून ठेवणार का?" एका म्हाताऱ्या अक्कांनी पदर तोंडाला लावला, हसू आवरेना त्यांना. जोईस चपला शोधायला लागले.

१४ नोव्हेंबर
तुळशीची ओटी भरली. माती सैल केली, रोप मुळासकट उचललं, आवळ्याशेजारी नेऊन लावलं. कुसुमनं पाणी घातलं. रडले मी थोडी. खरंच पोर सासरी गेल्यासारखं वाटलं.
राहिला रिकामा कट्टा. त्यावर अण्णा पंचा अंथरून बसलेत. "आधी मला उचला, मग दगड." सकाळपासून हलले नाहीत. कॉफी पाठवली, ती मात्र प्यायले. गिऱ्हाईक आजच येणार आहे.
आत्ता यांनी गाडी आणून फाटकाबाहेर उभी केली. उतरले, मागून कुदळ काढली, अण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले. इतक्या दिवसांनी मी यांच्याशी बोलले. विचारलं, "आतासुद्धा स्वल्प थांबायचं?"
यांनी कुदळ कट्ट्याच्या चिऱ्याला टेकवली. दोघे भाऊ एकमेकांकडे बघताहेत. मी उंबऱ्यावर बसून लिहितेय, नाहीतर काहीतरी बोलून जाईन.
गाडीचं इंजिन यांनी बंद केलेलं नाही.