ओल्या पानाचे कलम

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा बर्ले तंबाखू लावणे आणि सुकवणे, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीच्या शस्त्रक्रियेला नऊ दिवस आहेत. डोके ठिकाणावर आहे, छातीचे डॉक्टर सांगतील. कोणाचा दबाव नाही. मुलगी एवढेच म्हणाली की अक्षर नीट काढा बाबा, नाहीतर भांडण वाचण्यावरूनच व्हायचे. देवाला स्मरून खरे तेच लिहितो.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी, बायकोचे. बँकेतली शिल्लकही तिचीच. तिच्या हयातीत तिला कोणी कोपऱ्यातल्या खोलीत सरकवू नये.

कलम दोन. रान मुलीचे. ती शिवणकाम करते, तिला रान कसायचे नाही, हे मी जाणतो. खंडाने द्यावे, पण तंबाखूला देऊ नये. कंपनीचा करार माझ्या नावावर आहे, तो माझ्याबरोबर संपावा. निम्म्या शेतकऱ्यांचे करार कंपनीने न कळवताच बंद केले. चिकट पानाला हात लावायला मजूर मिळत नाहीत. आणि वर्षभराच्या कष्टाची प्रत कंपनीचा एक माणूस गठ्ठ्यात एकदा हात घालून ठरवतो.

त्या माणसाचेही येथेच उरकतो. आम्ही त्याला ‘खालची प्रत’ म्हणतो, कारण त्याच्या तोंडून दुसरा शब्द कोणी ऐकलेला नाही. त्याला नात झाली तेव्हा गावचा सुतार म्हणाला, हिलाही उचलून तेच म्हणाला असेल. माझ्या शेवटच्या पिकातली सर्वांत चांगली एक काठी पान त्याला पोचवावे. माझा राग गेला, असे लिहिणार होतो. देव बघतो आहे, म्हणून लिहीत नाही.

कलम तीन. शेड धाकट्या भावाची. बर्ले आगीवर सुकत नाही, हवेवर सुकते. कापलेले झाड काठीला ओवून उलटे टांगायचे, मग ते सहा-आठ आठवड्यांत पिवळे होते, मग तपकिरी. हवा मिळाली नाही तर कुजते. चार वर्षांपूर्वी मी परगावी असताना भावाने वादळाच्या धास्तीने शेडची सगळी दारे लावली आणि उघडायचे विसरला. वरच्या तीन रांगा काळ्या पडल्या. मी चारचौघांत त्याची अक्कल काढली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, पण दारांची मोडकी बिजागरे मी नसताना येऊन बसवून गेला. त्याने शेड उतरवून त्या लाकडाचे घर बांधावे. खिडक्या भरपूर ठेवाव्यात. हा टोमणा नव्हे. थोडासा आहे.

कलम चार. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

सतरा वर्षांपूर्वी, कापणीच्या आठवड्यात, पहाटेपर्यंत पाऊस झाला. पाने निथळत होती. मजूर आले नाहीत. मी कापत होतो, बायको काठ्या खांद्यावर घेऊन शेडकडे नेत होती. तिचे कपडे गळ्यापासून भिजले होते. दहाच्या सुमारास तिला भोवळ आली, उलट्या झाल्या. मी म्हणालो, “उपाशीपोटी आलीस म्हणून. पाणी पी. चारच ओळी राहिल्यात.” ती पाणी प्यायली आणि चार ओळी संपवल्या. संध्याकाळी दवाखान्यात कळले की ती तीन महिन्यांची गरोदर होती, आणि आता नाही. मला माहीतच नव्हतं, असे ती नर्सला म्हणाली.

आठ वर्षांनी शेतकऱ्यांच्या बैठकीत एका नर्सने सांगितले की ओल्या तंबाखूचे विष कातडीतून अंगात जाते, भोवळ त्याचीच असते, आणि गरोदर बाईने तर त्या पानाजवळही जाऊ नये. मूल त्यानेच गेले का, हे कोणी सांगू शकणार नाही, असे ती मला नंतर म्हणाली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. घरी येऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी मेणकापडाचे अंगरखे विकत आणले आणि कंपनीने दिले असे बायकोला सांगितले. त्यांना आत्ताच कसं सुचलं, असे तिने विचारले. मी म्हणालो, साहेब बदलला असेल.

म्हणून येथे लिहितो की ते मूल माझ्या त्या चार ओळींपायी गेले. बायकोने मला क्षमा करावी. माझ्या पश्चात मुलीने हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

एवढे लिहून मी साक्षीसाठी मास्तरांकडे गेलो. मला अक्षरे त्यांनीच शिकवली. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “तू गेल्यावर वाचून दाखवायचं? मग तिनं उत्तर कुणाला द्यायचं रे?”

काल दुपारी बायको शेडमध्ये खोडावरची पाने उतरवत होती. मी तिला कलम चार वाचून दाखवले. तिने हातातले खोड संपवले, बाजूला ठेवले, मग बोलली.

“मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला रानात येऊ दिलं नसतं, आणि पीक गेलं असतं.”

मग नर्सला माहीत नव्हतं असं का म्हणालीस, असे मी विचारले.

“तुम्ही दारात उभे होता.” पुढे म्हणाली, “सतरा वर्षं वाटायचं, यांना कधी कळलं तर कोणतं तोंड दाखवू.”

त्यानंतर आम्ही दोघे खोडांच्या ढिगावर बसून राहिलो. मला रडू आवरले नाही. तिने मला आवरा असेही म्हटले नाही.

क्षमेचे वाक्य मी खोडायला निघालो, तिने खोडू दिले नाही. त्याखाली माझ्याही नावाने तेच लिहा, म्हणाली. त्याप्रमाणे लिहितो: तिच्या नावानेही तेच.

कलम पाच तिच्या सांगण्यावरून. मास्तर म्हणाले, याची कायद्यात सोय नाही. ती म्हणाली, “सोय नकोय, मास्तर. अपत्यं किती ते कागदावर लिहितातच ना?”

तर, आम्हाला अपत्ये दोन. पैकी एक हयात.

ठिकाण: शेडशेजारची खोली.
तारीख: पान उतरवण्याच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार.
सही: तंबाखू लावणारा.
आमच्यासमोर वाचून, आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार पहिला: मास्तर, निवृत्त.
साक्षीदार दुसरा: सुतार.