शोर नाही, सबब विहीर नाही

उमापूरजवळची वाडी,
खुर्दाद, सन १३२५ फसली

तीर्थरूप अर्जुनराव दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा, अक्काचे गुडघे आणि कचेरीतल्या साहेबांचा मिजाज, तिन्ही ठीक असावेत. इकडे सगळे कुशल. फक्त डाळ शिजत नाही.

कारण विहीर. यंदा तिच्या पाण्याचं असं मिठवणी झालं आहे, की त्यात कैऱ्या मुरतील, पण वासरू तोंड लावीना. नव्या विहिरीसाठी गावानं तुमच्या कचेरीत अर्ज केला, तर उर्दूत सवाल आला: कुएँ का पानी शोर है या नहीं? वाडीत उर्दू येणारा मी एकटा (म्हणजे दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून मला येते). शोर म्हणजे गलका, हे कुणीही सांगेल. 'पाण्यावर शोर' असं हवं होतं. पण कचेरीचं व्याकरण कच्चं समजून मीच ते मनात दुरुस्त केलं आणि पारावर जाहीर केलं, की बायका विहिरीवर कालवा करतात हे साहेबाच्या कानी गेलंय. तोंडं मिटलीत तरच नवी विहीर.

दाजी, मिटली हो! वीस दिवस नुसता रहाट कुरकुरतोय. सासवा-सुना हातवाऱ्यांनी भांडतात. धनगराची कडूबाई तेवढी म्हणाली, "तिंबक, गप बसल्यानं पाणी गोड हुतंय व्हय?" तिलाही मी दटावलं आणि ऐटीत जबाब धाडला: शोर बिल्कुल नहीं. परवा हुकूम आला: शोर नाही, सबब विहीर नामंजूर.

मग कोश उघडला (जो आधी उघडायचा असतो). फारसीत शोर म्हणजे खारट. पाणी आणि मिठवणी यांतला फरक माझ्या जिभेला रोज कळत होता, कागदावर तेवढा कळला नाही. आज सकाळी बायका मुक्यानं तेच पाणी भरून नेत होत्या. माझी मान वर होईना.

तुमचा
त्रिंबक

ता. क. पत्राचं खरं कारण: पाणी खारट असल्याचा नवा अर्ज तुमच्या हातानं लिहावा. सही मात्र माझी असू द्यावी. साहेबच फिरला, असं मी गावात सांगितलंय.

पुन्हा ता. क. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची मला खोड, आणि दारात कडूबाई ताक घेऊन उभी. वीस दिवसांचा शोर तिनं एका दमात पुरा केला. शेवटी म्हणाली, "दाजीला लिव्ह, सही नगं. अंगठा घ्या ह्याचा."

सोबत कोरा कागद धाडला आहे. खालचा अंगठा माझा.