गोळ्या बंद, तरी काळंच

मंगळवार, संध्याकाळ

शौचाला काळं होतं म्हटलं की मुलाचं एकच, "बाबा, लोहाच्या गोळ्यांचा रंग आहे तो. उगाच टेन्शन घेता." म्हणून आठवडाभर गोळ्या गुपचूप बंद ठेवल्या. तरी काळंच! आज डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. आधी रागावल्या. मग म्हणाल्या, "तोंडातून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बिणीने बघितलं, काही सापडलं नाही. रक्त लहान आतड्यातून जात असेल. उद्या कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळा." ती आतच अडकली तर? भीती वाटतेच. पण कळंबोलीच्या लोखंड बाजारात जन्मभर लोखंड उचललंय मी. गिळणार. चित्रं आली की मुलाला शेजारी बसवणार आणि म्हणणार, बघ आता, रंग कशाचा आहे ते.