दोन ताटं जेवलो

तळाशील, ता. मालवण
१२ नोव्हेंबर २०२५

जान्हवीवहिनींना तुकाराम खवणेकरचा नमस्कार.

तुम्ही आणि आई बऱ्या असाल. आंबोलीत थंडी सुरू झाली असेल, आईंचे गुडघे जपा. आम्ही इकडे ठीक. यंदा रापणीच्या जाळ्याला बांगडा बरा लागतोय. मी दोर ओढायला जात नाही. मध्येच दोर टाकून झाडाआड पळणारा गडी कुणाला हवा? किनाऱ्यावर बसून जाळी शिवतो. येणारेजाणारे विचारतात, "काय फौजी, बरो मां?" मी "बरो" म्हणतो.

पाकीट जाड का, ते आधी सांगतो. आत निकेतने चौकीवरून तुम्हाला लिहिलेलं पत्र आहे. मूळचंच, झेरॉक्स नव्हे. ऑगस्टमध्ये तुम्ही ते माझ्या हातात दिलंत, ते परत करतो आहे. का, ते सांगायला तीनदा फोन लावला. एकदा तुम्ही उचललातही, आणि मी पावसाची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून लिहायला बसलो.

प्रकरण कुठवर आलं ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. माझ्या आतड्याचा आजार फौजेच्या नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही, असं लिहून वैद्यकीय मंडळाने अपंगत्वाची पेन्शन नाकारली होती. कारण आजाराची पहिली नोंद २०११ सालची, तीही शांत ठिकाणच्या छावणीतली. वर बर्फातल्या चौकीवर असताना रक्त पडत होतं हे मी म्हणतो, पण कागद म्हणत नाही. त्यावर मी अपील केलं. सुनावणी ९ डिसेंबरला आहे. आमच्या गावचे दाजी, निवृत्त सुभेदार, माजी सैनिकांचे कागद करून देतात. निकेतचं पत्र वाचून ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "तुकाराम, ह्या सोना आसा रे! तारीख आसा, फौजी पोस्टाचो शिक्को आसा, आणि लिवणारो हयात नाय. ह्येका खोटा कोण म्हणतलो?"

मला आनंद व्हायला हवा होता. काहीच वाटलं नाही. हल्ली असंच आहे. जाळी शिवताना सुई बोटात गेली तरी रक्त दिसल्यावर कळतं. बायको पद्मावती म्हणते, तुम्ही भांडत तरी जा. भांडायलाही काही हाताला लागत नाही.

पण ही पेन्शन मला हवी आहे, हे लपवत नाही. अंगमेहनतीचं काम होत नाही आणि दुसरं येत नाही. शिवाय मला तो कागद हवा आहे, ज्यावर लिहिलेलं असेल की हे तिथे झालं.

तुमच्याकडे पहिल्यांदा कसा आलो ते आठवत असेल. बेळगावच्या दवाखान्याला जाताना गाडी आंबोलीत दहा मिनिटं थांबते. निकेतचं घर थांब्यासमोर आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. कित्येक वर्षं मी त्या दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो. दोन वर्षांपूर्वी पोटाने ऐकलं नाही. संडास कुठे आहे एवढंच विचारत तुमच्या अंगणात शिरलो, आणि बाहेर आलो तर तुम्ही भिंतीवरचा फोटो आणि माझं तोंड आळीपाळीने बघत होतात. आई म्हणाल्या, "निकेतचो तुकारामदादा मां तू? पोटात काय एक नाय तुझ्या. पेज तरी घे मरे." मी पेज घेतली. त्यानंतर दर खेपेला घेतली.

आता पत्राकडे येतो. तुम्हाला ते पाठ आहे, तरी लिहितो. ३ फेब्रुवारी २०१०. "तुकारामदादाचं पोट आठ दिवस बिघडलंय, रक्त पडतं, पण साहेबांना कळू देत नाही. तरी आज त्याने आम्हाला सार करून घातलं, कोकमाची सोलं घालून. मी दोन ताटं जेवलो. घरी असल्यासारखं वाटलं."

पत्र देताना तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत. म्हणालात, "शेवटाक माझो घोव पोटभर जेवलो, दादा. ता तुमच्या हातचा." मी मान हलवली आणि पत्र खिशात घातलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

वहिनी, ती ओळ तुम्ही वाचता तशी नाही.

चौकीवर आम्ही नऊ जण. आचाऱ्याची बोटं हिमाने गेली म्हणून त्याला खाली नेलं होतं, आणि लंगर, म्हणजे आमचं स्वयंपाकघर, माझ्याकडे आलं होतं. २६ जानेवारीपासून मला आव पडायला लागली, रक्ताची. खारेपाटणचा रमीझ आमच्याबरोबर होता, दवापाणी त्याच्याकडे. तो रजिस्टरात नोंद करणार होता. मी त्याचा हात धरला. एप्रिलमध्ये माझी हवालदारकीची कॅडर, म्हणजे बढतीची परीक्षा होती. आजारी म्हणून नाव चढलं की मेडिकल कॅटेगरी घसरते आणि बढती राहते. रमीझ म्हणाला, "लिवत नाय. पण बरो होयसर लंगरात हात घालू नको." मी आईची शपथ घेतली.

सात दिवस पाळली, डबे बाकीच्यांनी तापवले. मग निकेत आला. उंचीवर भूक मरते, त्याची तर पार मेली होती. माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "दादा, तुझ्या हातचा कायतरी कर मरे. गळ्याखाली काय उतरणा नाय." त्या दिवशी सकाळीही मला रक्त पडलं होतं. रमीझ पहाऱ्यावर होता. मी घरून आलेली मसाल्याची पुडी सोडली, डब्यातली मासळी घेतली, सोलं घातली. रॉकेल जपून वापरायचं म्हणून हात धुवायला पाणी तापवलं नाही. बर्फाने पुसले.

दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन माणसं खाली गेली, त्यात हे पत्र गेलं. मग हवा बिघडली. सहा तारखेपासून चौघांची पोटं बिघडली. तिघे सावरले. निकेतच्या पोटात पाणीही ठरेना. नऊला खोकला सुरू झाला, हेलिकॉप्टर उडत नव्हतं, अकराला तो गेला. कागदावर फुप्फुसात पाणी झाल्याचं लिहिलं आहे, उंचीमुळे. ते खरंही असेल. बेळगावच्या डॉक्टरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, आता कुणीच सांगू शकत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या हातचं जेवल्यावर तो आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. रमीझलाही ठाऊक आहे. आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नाही.

एप्रिलमध्ये कॅडर झाली. मी हवालदार झालो.

तुम्ही पत्र दिलंत ते हे ठाऊक नसताना दिलंत. ते दिलेलं धरता येत नाही. म्हणून परत. हे सगळं वाचूनही द्यावंसं वाटलं तर ५ डिसेंबरच्या आत पोचेल असं पाठवा. नाही आलं तर दाजींना सांगेन, ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं. रमीझ लिहून द्यायला तयार आहे, पण रजिस्टरात नोंद नाही, त्याच्या शब्दावर निभावणार नाही. म्हणजे बहुतेक हरेन. हे लिहिलं म्हणजे तुमच्यावर दडपण आणलं हे कळतं मला, पण गाळलं असतं तर तेही एक लपवणंच झालं असतं.

पत्र दाखल झालं तर त्याबरोबर माझं निवेदन जाईल, की तेव्हा लंगर माझ्या हातात होतं. दाजी म्हणतात, "येवढा लिवची गरज काय?" मी लिहिणार आहे. तुमच्या पेन्शनला धक्का लागत नाही, दोन वकिलांना विचारलं.

दया म्हणून पाठवू नका. आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

निकेतला वाढणारा,
तुकाराम


आंबोली
२८ नोव्हेंबर

तुकाराम खवणेकर यांस,

तुमचं पत्र सतरा तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला.

निकेतचं पत्र सोबत आहे. दया म्हणून नाही. त्याने पाहिलं ते लिहिलं, ते खरं आहे, आणि खरं असेल तर ते साहेब लोकांनीही वाचावं. निवेदन लिहीन म्हणालात, ते लिहा. त्याची एक प्रत मला पाठवा.

आईंना सांगितलेलं नाही. त्यांनी काल विचारलं, "फौजी ह्या महिन्यात इलो नाय तो?" मी म्हटलं, गाडीची वेळ बदलली.

पंधरा वर्षं मी ते पत्र एका ओळीसाठी उघडत होते. रोज नाही, पण फार वाईट दिवस असला की उघडायचे, आणि तो जेवला होता एवढं वाचून मिटायचे. या दहा दिवसांत चारदा उघडलं. त्या ओळीच्या अलीकडे थांबते. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत की वाईट, मला कळत नाही. रडूही येत नाही. तुम्ही लिहिलंय तसंच.

तरी अक्षर त्याचं आहे. काम झालं की पत्र परत करा. पोस्टाने पाठवा, घेऊन येऊ नका.

जान्हवी निकेत गावडे