कौले उतरलेला पूल

तान्शी, सहावा महिना, तिसरा दिवस

चि. चांगकेन यास मेइचूताईचे अनेक आशीर्वाद.

तू फुचौला देवळे बांधतोस आणि इथे तुझ्या शब्दावर आम्ही गावचा पूल बोडका करून बसलो. पुलावरचे छप्पर गळते तर सगळी कौले एकदम उतरवा, वेळ वाचेल, असे तू लिहिलेस. शहरातला सुतार ना तू, गावाने मान डोलावली. बाबा घसा फोडून सांगत होते की दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उतरवा आणि उतरवाल तेवढ्या वजनाचे दगड पुलावर ठेवा. म्हातारा भ्याला म्हणून लोक हसले. आता पाऊस लागलाय, नवी कौले भट्टीवरच अडकलीत. बाबा धड जेवत नाहीत, पुलाखाली कान लावून बसतात. तुळया कुरकुरतात म्हणे. येऊन त्यांची समजूत काढ.

ताईची आठवण आणि माया दोन्ही ठेव.
मेइचू

फुचौ, आठवा दिवस

ती. ताईस चांगकेनचा सा. न. वि. वि.

बाबांचे खरे लाडके पोर तो पूलच, हे तू विसरलीस वाटते! त्याच्या आढ्यावर खापरपणजोबांपासून बाबांपर्यंत सगळ्या सुतारांची नावे शाईने लिहिली आहेत. इतक्या पिढ्या उभा राहिलेला पूल पंधरवड्यात कुठे जातोय? इथे देवळाचे आढे चढवायचा मुहूर्त पौर्णिमेनंतर आहे, तोवर मालक हलू देणार नाही. बाबांना आल्याचा काढा दे आणि माझ्या नावाने बोटे मोडू नकोस.

लोभात उणे नसावे.
चांगकेन

तान्शी, चौदावा दिवस

चांगकेन, आशीर्वाद.

पाणी कमानीच्या पायाला लागले. बाबा म्हणाले, पोरगा देवळे बांधून बांधून विसरला. देऊळ छपराला उचलून धरते, आपल्या पुलाला छप्पर दाबून धरते. त्या तुळया नुसत्या एकमेकींत विणलेल्या, खिळा नाही. वरचा भार गेला की सैल पडतात, आणि हलका पूल नदी खालून उचलून नेते. घरोघरचे रांजण, जाती, उखळ लोक पुलावर वाहून नेताहेत. हसले होते तेच आता रडत वाहताहेत. तरी भार पुरत नाही. बाबा स्वतः पुलावरच्या देव्हाऱ्यात देवीपाशी जाऊन बसलेत. मी पाया पडले, वाट्टेल ते बोलले. माझेही वजन आहे की, एवढेच म्हणतात.

तुझा मुहूर्त गेला खड्ड्यात. नीघ.
मेइचू

वाटेतून, एकोणिसावा दिवस

ती. ताईस सा. न.

मालकाला न सांगता निघालो. डोंगर खचलाय, त्यात घसरून पाय मोडला. एका खानावळीत पडून आहे. जडीबुटी विकणारा एकजण वरच्या कड्याने तुमच्याकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. ताई, लहानपणी बाबांनी माझ्याकडून काड्यांचा पूल विणवला होता, वर दगड ठेवल्याशिवाय तो उभाच राहीना. मला माहीत होते गं! पूल जाऊ दे वाहून, गावाच्या शिव्या मी खाईन. बाबांना बांधून घाल, पण खाली उतरव.

माझ्यावर माया राहिली नसली तरी एवढे कर.
चांगकेन

तान्शी, तेविसावा दिवस

चि. चांगकेन यास अनेक आशीर्वाद.

पूल राहिला. बाबा गेले. पूर ओसरल्यावर त्यांना खाली आणले तेव्हा अंग तापाने भाजत होते. काल सकाळी संपले.

माळ्यावर त्यांनी स्वतःसाठी शवपेटी करून ठेवली होती ना, ती पुराच्या दिवशी त्यांनी पुलावर नेववली. नदीतल्या गोट्यांनी काठोकाठ भरून मधोमध ठेवली. तेव्हा कुठे तुळयांचा आवाज थांबला. काल लोक ती आणायला निघाले, पण कौले चढेपर्यंत तिला हात लावायचा नाही असे बाबा जाताना बजावून गेलेत. दक्षिणेकडे आभाळ पुन्हा काळे झालेय. कौले भट्टीवरून आली आहेत, पण चढवायला कुठून सुरुवात करायची हे सांगणारा गावात कोणी उरला नाही.

तुझे पत्र घेऊन जडीबुटीवाला आज पोचला, त्याच्याच हाती उत्तर देते. लंगडत ये, कुणाच्या पाठीवर बसून ये. मी रागावलेली नाही. पूल कौलारून बाबांची पेटी मोकळी करून दे. तोवर त्यांना ओसरीत दाराच्या फळीवर निजवले आहे.

तुझीच,
ताई