मोठ्या ढिगाच्या पुढे

मी, एल्स्पेथ जीन डफस, वय चौपन्न, काम दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांची नावं टिपून घेण्याचं, राहणार किरीम्यूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही आणि ती बदलून घ्यायला मला पुढल्या आठवड्यात डंडीच्या इस्पितळात जायचं आहे. पण मृत्युपत्र काही झडपेने लिहीत नाहीत. हे मी स्वखुशीने लिहीत आहे, माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला माणूस घरात हजर असावा लागतो, आणि माझा नवरा ग्रेगर मागच्या पडवीत बुटांना मेण चोळत बसला आहे.

लिहिण्याचं कारण एकच. माझी राख कुठे जाणार हे त्याने परस्पर ठरवून टाकलं, तेही रविवारी बटाटे वाढून घेता घेता.

"काळजी करू नकोस गं," तो म्हणाला. "काही झालंच, तर तुला बेन ओरारवर नेऊ. माझ्या शेवटच्या शिखरावर. तो दगडांचा मोठा ढीग आहे ना, त्याच्याशीच ठेवू. पुढेमागे मीही तिथेच येईन."

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? ती ग्रेव्ही सरकव जरा इकडे."

माझी नणंद शीना समोरच बसली होती. तिने लगेच डोळ्यांना रुमाल लावला. "अगंबाई, किती मनापासून बोलतो हा!"

मी अजून जिवंत होते. माझ्या काट्यावर मटणाचा तुकडा होता. तेव्हाच ठरवलं की आता कागद करायचा.

कलम एक. राहतं घर आम्हा दोघांच्या नावावर असल्यामुळे माझ्यामागे ते आपोआप ग्रेगरला जाईल. त्यात मला काही करता येत नाही, नाहीतर केलं असतं. धुण्याचं यंत्र कसं चालतं ते त्याने माझ्या हयातीतच शिकून घ्यावं. त्याला वाटतं, ओले मोजे बाथरूमच्या दारात टाकले की ते आपल्या पायांनी कपाटात जातात.

कलम दोन. समुद्रकाठी उभी असलेली कॅरॅव्हन माझ्या आईकडून मला आली, ती मी मुलगी रोना हिला देते. दर उन्हाळ्यात आम्ही तिथे जायचो. बाहेर पाऊस, आत कोंदटलेल्या काचा, मांडीवर व्हिनेगरने भिजलेले चिप्स, आणि पोरं पत्ते खेळताना एकमेकांच्या झिंज्या ओढायची. मला त्याहून चांगली सहल माहीत नाही. ग्रेगर मात्र एकच रात्र टिकायचा आणि सकाळी कुठल्यातरी डोंगराकडे पळायचा. समुद्रसपाटीवर त्याला धाप लागते. सदर कॅरॅव्हनमध्ये शीनाला राहू द्यावं की नाही हे रोनाने ठरवावं. मला विचारलंच तर "नको" म्हणेन.

कलम तीन. बँकेत जे काही असेल ते रोना आणि मुलगा स्ट्रुअन यांनी सारखं वाटून घ्यावं. याशिवाय स्ट्रुअनला मी माझी इस्त्री व शिवणाचा डबा देते. तो ॲबरडीनहून मला फोन करतो तो शर्टाचं बटण तुटलं की. या पोराच्या फुटबॉलपायी मी किती हिवाळे मैदानाच्या कडेला गारांचा मारा खात उभी राहिले! तो राखीव खेळाडू होता. म्हणजे तोही उभा आणि मीही उभी. एकदा त्याला शेवटी आत घेतलं, तर पठ्ठ्याने आपल्याच गोलात चेंडू मारला. मी टाळ्या वाजवल्या, कारण त्याला दुसरं कोणी वाजवणार नव्हतं.

कलम चार. माझ्या आईचं डंपलिंगचं फडकं. मनुका, सुएट म्हणजे जनावराची चरबी, आणि गरम मसाल्याचं पीठ ज्या कापडात बांधून उकळतात, ते कापड जितकं जुनं तितकी डंपलिंगला साल चांगली धरते. ते फडकं शीनाने ख्रिसमसपुरतं म्हणून मागून नेलं. त्यात डंपलिंग उकळून तिने गावच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतलं, आणि तिथे सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या सासरची पद्धत आहे ही." सासरची! तिच्या सासूला साधं अंडं उकडता येत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. रोनाने तिच्या घरी जाऊन सदर फडकं ताब्यात घ्यावं. "मिळत नाहीये गं" असं उत्तर आलं तर चुलीशेजारचा दुसरा खण उघडावा. मी पाहून ठेवलं आहे.

कलम पाच. बुधवारी आम्ही काही बायका थंड समुद्रात पोहायला जातो. तिथली माझी लोकरीची टोपी आणि मोठा झगा शेजारीण विल्मा पेट्री हिला द्यावा. ग्रेगर नेहमी म्हणतो, "थंड पाण्यात जाऊन किंचाळायचं, याला काय छंद म्हणतात?" हा माणूस ओल्या तंबूत, ओल्या पिशवीत, सार्डिनचा वास अंगाला घेऊन झोपतो आणि त्याला निसर्ग म्हणतो. आम्ही निदान बाहेर आल्यावर हसतो तरी.

कलम सहा. दिवाणखान्यात शेकोटीवर टांगलेला फोटो आणि त्याखालचं चौकटीतलं प्रशस्तिपत्र.

वकिलासाठी खुलासा करते. आमच्याकडे तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. ते सगळे, दोनशे ब्याऐंशी, चढून संपवणारा माणूस उरलेलं आयुष्य त्याबद्दल बोलत राहतो. शिखराची खूण म्हणून तिथे दगडांचा ढीग रचलेला असतो. शेवटच्या शिखरावर गोतावळा जमवून व्हिस्की उघडायची अशी रीत आहे. ग्रेगरने ते सगळे संपवले असं प्रशस्तिपत्रात लिहिलं आहे. त्या प्रत्येक डोंगरावर मीही होते हे कुठेही लिहिलेलं नाही. लग्नाआधीपासून त्याचा चहाचा फ्लास्क माझ्या पाठीवर असायचा. तो पुढे चालत खुणा करायचा, मी मागून सँडविचं वाहायची. पोरं लहान असताना ती माझ्या आईकडे ठेवून गेलो. माझे डोंगर कोणी मोजले नाहीत, कारण मी चहावाली.

बेन ओरारवर त्या दिवशी धुकं इतकं की पुढच्याची टोपी दिसेना. रोनाने खिशातून फोन काढला.

"बाबा, यात शिखर अजून थोडं पुढे दिसतंय."

"ठेव ते खेळणं आत!" ग्रेगर खेकसला. "मी नकाशा वाचायला लागलो तेव्हा तुझा जन्मही नव्हता. हा एवढा मोठा ढीग काय मेंढ्यांनी रचलाय?"

झालं. सगळे त्या ढिगाशी थांबले. शीनाने आईच्या फडक्यातलं डंपलिंग सोडलं, तिच्या नवऱ्याने बॅगपाइप फुगवला. मला लघवी लागली होती, म्हणून मी धुक्यात जरा लांब गेले. आधी उतार लागला, मग पुन्हा चढ. मनात म्हटलं, शिखरावरून चढ कसा लागेल? तशीच वर गेले. तिथे दगडांचा गुडघ्याएवढा ढीग होता, आणि त्यापलीकडे चारही बाजूंना जमीन खाली गेलेली. तेवढ्यात धुकं फाटलं. मागे वळून पाहिलं तर आमची मंडळी मोठ्या ढिगाभोवती नाचत होती, आणि ती माझ्या पायांच्या खाली होती.

मी धावत परत गेले. खरंच सांगायला गेले होते. मला आनंद झाला होता, वाटलं, चल म्हणावं, इथून दोन पावलांवर तर आहे.

"कुठे होतीस?" ग्रेगर म्हणाला.

"लघवीला. ग्रेगर, ऐक ना, तिकडे..."

"नेमकी आत्ताच? फोटो झाला की!" आणि सगळ्यांकडे वळून, ग्लास उंच धरून म्हणाला, "बघा, हिने डोंगर कधी मनावर घेतलेच नाहीत!"

सगळे हसले. शीना तर फडक्यात तोंड खुपसून हसली. मी फ्लास्क उघडला आणि सगळ्यांना चहा ओतला. ती जखम अजून ओली आहे, आणि ती झडपेच्या आत नाही, बाहेर आहे. त्यानंतर तो गावच्या सभागृहात भाषणं देत हिंडला, तरुणांना नकाशा कसा वाचावा ते शिकवत सुटला, आणि मी मागच्या रांगेत बसून लोकर विणत राहिले. नाकाने कांदे सोलावेत तर माझ्या नवऱ्यानेच.

तरी सदर फोटो आणि प्रशस्तिपत्र मी ग्रेगरलाच ठेवायला देते. फोटोत मी नाही. कारण फोटो काढला तेव्हा डफस कुटुंबातली एकच व्यक्ती बेन ओरारच्या शिखरावर होती.

कलम सात. माझी राख. मोठ्या ढिगाशी ठेवू नये. तिथे मी एक क्षणही राहणार नाही. तिथे शीनाच्या डंपलिंगचे तुकडे पडले आहेत. माझी राख त्याच जुन्या, चौकड्यांच्या फ्लास्कमध्ये भरावी. आधी तो सोड्याने नीट धुवावा, मला चहाच्या वासात राहायचं नाही. आभाळ स्वच्छ असेल तो दिवस निवडावा. रोनाने पुढे चालावं, हातात फोन घेऊन. मोठा ढीग आला की ग्रेगर सवयीने थांबेल. त्याला थांबू देऊ नये. आधी उतार, मग चढ, मग गुडघ्याएवढा ढीग. तिथे झाकण उघडावं.

ग्रेगर, तुझे डोंगर तिथे संपतील. माझे केव्हाच संपलेत. शपथेवर सांगते, हे तुला समोर बसून सांगण्याची मला फार हौस होती, पण तू कधी ग्रेव्हीतून वर पाहिलंच नाहीस.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रोना हिने करावी. तिला वाट सापडते.

सही: एल्स्पेथ जीन डफस

साक्षीदार: विल्मा पेट्री, शेजारीण. कायद्याला एक साक्षीदार पुरतो. सही एल्स्पेथने माझ्यासमोर केली. वाचायची गरज नव्हती, तरी मी वाचलं. कलम पाचमधला झगा मला नको, असं मी तिला सांगितलं. बुधवारी तोच घालून तिने स्वतः पाण्यावर यावं. "आणि ऑपरेशन नीट झालं तर या कागदाचं काय?" असंही विचारलं. तिने पेन परत घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली. तीही माझ्यासमोर, तिच्याच हातची आणि तिच्याच सहीची.

कलम आठ. मी वाचले, तर वसंतात ग्रेगरला त्या गुडघ्याएवढ्या ढिगाशी मी स्वतः घेऊन जाईन. फ्लास्क मात्र तो वाहील. ई. जे. डफस.

किरीम्यूर, ३ ऑक्टोबर २०२३